रात्रीची गाडी, निव्वळ प्रवासाच्या सुखासाठी: आखणी, बर्थ, झोप आणि सकाळ

पहाटगाडी (मूळ धागा)

कुठेतरी पोचायचंय म्हणून नव्हे, तर गाडीत रात्र घालवायची आहे म्हणून लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी हा धागा. प्रवासवर्णनं इथे नकोत, त्यांना वेगळे धागे आहेत. इथे आखणी, डबा, बर्थ, झोप, सामान, उशीर यांबद्दल नेमकं बोलूया. उदाहरणं जगातल्या कुठल्याही गाडीची चालतील.

सुरुवात मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्यापासून करते. गाडी निवडताना बहुतेक जण आधी वर्ग बघतात, मग भाडं, मग पोचायची वेळ. मौजेच्या प्रवासाला हा क्रम उपयोगाचा नाही. आधी बघायचं ते हे: उजाडेल तेव्हा गाडी कुठे असेल? खिडकीतून काही दिसण्याचा वेळ दोनच तुकड्यांत मिळतो, सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत आणि उजाडल्यापासून उतरेपर्यंत. पहाटे पाचला पोचवणारी वेगवान गाडी कामासाठी निघालेल्याला सोयीची, पण तिच्यात सकाळच नाही. त्याच मार्गावरची, जास्त थांबे घेत दहा-अकराला पोचणारी गाडी मौजेसाठी कधीही सरस.

करायचं असं. गाडीचं पूर्ण वेळापत्रक उघडा, मधल्या सगळ्या थांब्यांसकट. प्रवासाच्या तारखेला त्या पट्ट्यात सूर्य कधी उगवतो ते बघा. डोंगर-झाडं ओळखू येतील इतका उजेड सूर्योदयाच्या साधारण पंचवीस-तीस मिनिटं आधी होतो (उत्तरेकडच्या देशांत याहून बराच आधी). त्या वेळी गाडी कुठल्या दोन स्थानकांमध्ये असेल ते नकाशावर खूण करा. तिथपासून उतरायच्या ठिकाणापर्यंत निदान अडीच-तीन तास हवेत आणि तो पट्टा बघण्यासारखा हवा. हे जमत नसेल तर तारीख बदला, ऋतू बदला किंवा उलट्या दिशेची गाडी घ्या. एकाच मार्गावर जातानाची आणि येतानाची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

उदाहरण म्हणून लंडनहून स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला जाणारी कॅलेडोनियन स्लीपर घ्या. ती सकाळी दहाच्या सुमारास पोचते आणि शेवटचे काही तास हायलँड्समधून, रॅनक मूरच्या ओसाड माळावरून जातात. जूनमध्ये तिथे साडेचारलाच लख्ख उजाडलेलं असतं. डिसेंबरात पावणेनऊपर्यंत सूर्य वर येत नाही, म्हणजे सकाळ जेमतेम तासाभराची. गाडी तीच, रूळ तेच, प्रवास मात्र दोन वेगळे.

---

नकाशेवाली

अनुमोदन. यात खिडकीची बाजूही आखणीतच ठरवावी, नाहीतर सगळं गणित बसवून सकाळी डोळ्यांसमोर नुसती दरड येते.

नकाशावर मार्ग मोठा करून बघा आणि नदी, किनारा, दरी रुळांच्या कुठल्या हाताला आहे ते प्रवासाच्या दिशेने ठरवा. व्हिएतनाममध्ये हनोईहून दक्षिणेकडे जाताना ह्यू ते दा नांग या टप्प्यात हाय व्हान घाट लागतो, तिथे समुद्र डाव्या हाताला. स्टॉकहोमहून नार्विकला जाताना टॉर्नेट्रॅस्क तळं उजवीकडे. येताना अर्थात उलट.

पण दोन ठिकाणी चूक होते. एक, काही स्थानकं बंद टोकाची असतात. झ्युरिकचं मुख्य स्थानक, रोमचं तेर्मिनी ही त्यातली. गाडी तिथे शिरली की दुसऱ्या टोकाला इंजिन लागतं आणि ती आली त्याच तोंडाने बाहेर पडते. त्यापुढे तुमची डावी बाजू उजवी होते. मार्गात असं स्थानक आहे का, हे वेळापत्रकातल्या पंधरा-वीस मिनिटांच्या थांब्यावरून आणि नकाशावरच्या रुळांच्या आकारावरून कळतं. दोन, कूपे असलेल्या डब्यात एका बाजूला कूपे आणि दुसऱ्या बाजूला बोळ असतो, आणि डबा कुठल्या तोंडाने जोडला जाईल याची खात्री नसते. तेव्हा बोळाच्या खिडकीपाशी उभं राहण्याची तयारी ठेवा. बोळात घडीची खुर्ची असेल तर उत्तम, नसेल तर उभ्यानेच.

आणखी एक. पूर्वेकडची खिडकी सूर्योदयाला छान, पण त्यानंतर दीड-दोन तास डोळ्यांवर ऊन येतं आणि काचेवरचा धुरळा चमकतो. सूर्योदयाचा हट्ट नसेल तर सकाळी पश्चिमेकडच्या खिडकीतून निसर्ग जास्त स्पष्ट दिसतो, कारण ऊन तुमच्या पाठीमागून समोरच्या डोंगरावर पडतं.

---

सांधेमोड

बर्थबद्दल लिहितो. डबा कुठलाही असो, डब्याच्या मधोमध असलेला बर्थ घ्या. डब्याचं वजन दोन टोकांकडच्या चाकांच्या गाड्यांवर असतं. रुळाच्या सांध्यांचा आणि काट्यांचा (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते) आवाज थेट तिथून वर येतो आणि गचकेही तिथेच जास्त बसतात. शिवाय टोकाला संडास, बोळाचं दार, डब्याडब्यांमधला झुलता पूल, सामान चढवणाऱ्यांची गर्दी. रात्रभर दार आपटत राहतं ते वेगळंच. आरक्षण करताना डब्याचा नकाशा दिसत असेल तर टोकापासून निदान दोन कप्पे आत या.

वरचा की खालचा, याचं उत्तर डब्याच्या डोलण्यात आहे. डबा डोलतो तो तळाजवळच्या एका काल्पनिक अक्षाभोवती, म्हणजे जितके उंच जाल तितका हेलकावा मोठा. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालचाच घ्यावा. वरच्या बर्थचे गुण वेगळे: कुणी येऊन बसत नाही, दिवसाही आडवं होता येतं, सामान डोळ्यांसमोर राहतं. पण मौजेच्या प्रवासात एक गोष्ट निर्णायक ठरते, ती खिडकी. अनेक डब्यांत वरच्या बर्थला खिडकीच नसते. अमेरिकेतल्या दुमजली सुपरलायनरच्या छोट्या खोलीत वर झोपणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नाही. तिकडच्याच व्ह्यूलायनर डब्यांत मात्र वरच्या बर्थलाही स्वतःची खिडकी आहे. थायलंडच्या बँकॉक–चिआंग माई गाडीत खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंदही आहे आणि पूर्ण खिडकी त्याच्याच वाट्याला. त्यामुळे तिथे खालचे बर्थ आधी संपतात.

---

लोअरबर्थ

वरच्या प्रतिसादात भर. तपमानाचंही बघा. हिवाळ्यात डबा तापवतात तेव्हा गरम हवा वर साठते आणि वरच्या बर्थवर घामाघूम होतं. खाली खिडकीच्या फटीतून गार वारा. उन्हाळ्यात उलटं, एसीच्या झडपा बहुतेक छतात, त्यामुळे वरच्याच्या थेट तोंडावर थंड झोत. म्हणून कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे घ्या: सुती टीशर्ट, त्यावर पातळ स्वेटर, पायमोजे आणि एक मोठा रुमाल किंवा स्कार्फ. झोत तोंडावर येत असेल तर झडप कागदाने बंद करू नका, तो पाण्याने भिजून रात्री अंगावर पडतो. डोकं आणि पाय यांची दिशा बदला.

दिशेबद्दलही नियम आहे. बर्थ रुळांना समांतर असेल तर पाय गाडीच्या दिशेने ठेवा. जोरात ब्रेक लागला तर शरीर पुढे सरकतं, तेव्हा डोकं भिंतीवर जाण्यापेक्षा पाय टेकलेले बरे. बर्थ रुळांना आडवा असेल तर ब्रेकने तुम्ही कुशीवरून कलंडता. अशा वेळी भिंतीकडच्या बाजूला घडी केलेलं पांघरूण खोचलं की शरीर अडकून राहतं आणि झोप मोडत नाही. आडव्या बर्थवर डोकं खिडकीकडे की दाराकडे? खिडकीकडे गारवा आणि स्थानकांचा उजेड, दाराकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के. दार बंद होणारा कूपे असेल तर डोकं दाराकडे, उघडा डबा असेल तर खिडकीकडे.

---

मीटरगेज

कुठला वर्ग घ्यावा हे अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. युरोपात साधारण तीन पायऱ्या: बसायची जागा, कुशेट (चार किंवा सहा बर्थचा सामायिक कप्पा) आणि स्लीपर (एक ते तीन बर्थची खोली, आत बेसिन, कधी शॉवर). मौजेसाठी बसायची जागा घेऊ नका. रात्र बसून काढली की सकाळचा तो मोलाचा तुकडा पेंगण्यात जातो आणि ज्यासाठी निघालात तेच हातचं जातं. पैसे वाचवायचे असतील तर ते कुशेटमध्ये वाचवा. सहापेक्षा चार बर्थचा कप्पा घेणं पैसे वसूल करणारं आहे, कारण सहामध्ये मधला बर्थ उघडला की खालच्याला सरळ बसताच येत नाही. भारतात थ्री टिअरमध्ये हीच अडचण. म्हणून मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडा ठेवायचा नियम आहे. सहानंतर मधल्या बर्थवाल्याला बर्थ खाली पाडायची विनंती जरूर करा, तुमची सकाळ त्यावर अवलंबून आहे.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी एक चांगला पर्याय अलीकडे आला आहे. ऑस्ट्रियाच्या नाइटजेटच्या नव्या गाड्यांत डिसेंबर २०२३ पासून एकाच माणसासाठीच्या, सरकत्या दाराच्या मिनी केबिन आहेत. लहान आहेत, उंच आणि आडव्या बांध्याच्या माणसाला जाचतील, पण स्वतःचं दार आणि स्वतःची खिडकी मिळते. जपानच्या सनराइज सेतो/इझुमो या रात्रगाडीतही एकट्यासाठी खोल्या आहेत. तिथला सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे नोबिनोबी, गालिचा घातलेली सपाट जागा, जिच्यावर आडवं होता येतं.

एकट्या बाईमाणसाने आरक्षणात महिलांचा वेगळा कप्पा मिळतो का ते आधी बघावं. नाइटजेटच्या कुशेटमध्ये तो पर्याय आहे. टांझानिया–झांबिया ताझारा गाडीत स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या कप्प्यांत जागा देतात. जोडप्याला एकत्र राहायचं असेल तर अख्खा कप्पा घ्यावा लागतो.

---

आरक्षणखिडकी

आरक्षण कधी उघडतं ते लक्षात ठेवा, चांगले बर्थ पहिल्याच काही दिवसांत जातात. भारतात १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी (त्यापूर्वी १२० होते). जपानमध्ये एक महिना आधी, त्यांच्या सकाळी १० वाजता. सनराइजच्या चांगल्या खोल्या मिनिटांत संपतात. अमेरिकेत ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीचं ११ महिने आधी. युरोपातल्या बऱ्याच रात्रगाड्यांचं साधारण सहा महिने, पण तिथे दरवर्षी डिसेंबरच्या मध्यात नवं वेळापत्रक लागू होतं आणि त्यानंतरच्या तारखांचं आरक्षण बरेचदा रेंगाळतं. रोज डोकावत राहा.

---

काटेबदल

कुणी ताटातूट होणाऱ्या गाड्यांचा उल्लेख केला नाही. बऱ्याच रात्रगाड्या वाटेत फुटतात. लंडनहून निघणारी १६ डब्यांची हायलँड गाडी (वर आलेली कॅलेडोनियन स्लीपर) एडिंबरात तीन भागांत तुटते: ॲबर्डीन, इन्व्हर्नेस आणि फोर्ट विल्यम. सनराइज ओकायामाला पहाटे दोन भागांत जाते, सात डबे तकामात्सुला आणि सात इझुमोला. म्हणजे चुकीच्या डब्यात झोप लागली तर जाग भलत्याच गावी. चढताना डब्याचा क्रमांक तर बघाच, पण दारावरच्या पाटीवर शेवटचं स्थानकही वाचा. फोर्ट विल्यमला बसायच्या जागेवरून जाणाऱ्यांना एडिंबरात भल्या पहाटे डबा बदलावा लागतो, हेही तिकीट काढण्याआधी माहीत असू द्या.

गाडी जोडण्या-तोडण्याच्या वेळी हिसके बसतात आणि इंजिन वेगळं झालं की काही मिनिटं दिवे-एसी बंद पडतात. बिघाड नाही तो. ज्या डब्यांना वीज चाकांवरच्या जनित्रातून मिळते, तिथे गाडी तासभर उभी राहिली की बॅटरीवर भार येतो आणि पंखे मंदावतात. मोबाइल संध्याकाळीच भरून घ्या.

---

पहाटगाडी

@काटेबदल, हिसक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? काही गाड्या सुटताना अंग उडवतात, काही सुटल्याचं कळतही नाही.

---

काटेबदल

जोडणीतला फरक. स्क्रूने आवळायची जोडणी (स्क्रू कपलिंग) आणि बाजूला बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या तबकड्या, अशी रचना असेल तर डबे घट्ट आवळलेले असतात, त्यांच्यात ढिलाई जवळपास नसते. मधोमध बसवलेल्या स्वयंचलित कपलिंगमध्ये थोडी मोकळीक राहते. इंजिनाने ओढलं की ती मोकळीक डब्यामागून डब्यात भरत जाते आणि शेवटच्या डब्यापर्यंत तिचा धक्का मोठा होतो. चालकाने हलक्या हाताने गाडी उचलली तर जाणवत नाही. जिथे हे गचके आहेत तिथे इंजिनापासून फार मागे नको. अगदी पुढेही नको, कारण डिझेल इंजिनाचा आवाज आणि भोंगा.

---

खिडकीपाशी

रात्री खिडकीतून काही दिसत नाही असं गृहीत धरू नका. चांद्रमास बघून तारीख ठरवा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो, त्यामुळे पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आगेमागे रात्रभर माळ, नद्या, डोंगरकडा दिसतात. वद्य अष्टमीच्या आसपास चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणजे पहाटेच्या पट्ट्यासाठी चांगला. ताऱ्यांसाठी जायचं असेल तर अमावास्या. ऑस्ट्रेलियाच्या इंडियन पॅसिफिकसारख्या, निर्जन नलारबॉरमधून जाणाऱ्या गाडीत अंधारी रात्र चांदण्याइतकीच मोलाची. त्याच माळावर ४७८ किलोमीटर लांबीचा, जगातला सगळ्यात लांब सरळ रूळ आहे.

बाहेरचं दिसायचं तर आतला दिवा पूर्ण बंद हवा. वाचायचा छोटा दिवासुद्धा काचेत उमटतो. सामायिक कप्प्यात सगळ्यांना दिवा मालवायला सांगता येत नाही, म्हणून एक काळं सुती कापड (निदान एक मीटर लांब) आणि दोन-तीन चिमटे किंवा चोषक हूक जवळ ठेवा. कापड डोक्यावरून घेऊन त्याची वरची कड काचेच्या वर लावली की आत अंधार होतो आणि हळूहळू डोळे सरावतात. मग बघा. शेताच्या बांधावरचा एकटा दिवा येतो, फाटकापाशी थांबलेल्या दुचाकीचा उजेड रुळालगतच्या खडीवर पसरलेला दिसतो, तो मागे जातो आणि पुन्हा काही वेळ नुसती झाडांची कड. यासाठीच रात्रीची गाडी.

फोटो काढायचा तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती तेच कापड गुंडाळा. पूर्ण टेकवलीत तर काचेची थरथर कॅमेऱ्यात येते. दिवसा, रुळाजवळच्या वस्तू फिसकटू नयेत म्हणून १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर. दूरच्या डोंगराला १/२५० पुरतं. दुहेरी काचेत दिव्यांची दोन-दोन प्रतिबिंबं येतात, त्यावर कॅमेरा काचेला काटकोनात धरणं हाच उपाय.

---

सांधेमोड

वेग मोजायचा असेल तर जीपीएसवर विसंबू नका. नव्या डब्यांच्या काचांवर धातूचा पातळ लेप असतो, त्याने जीपीएस आणि मोबाइलची रेंज दोन्ही मार खातात. किलोमीटरचे दगड मोजा. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागा: ४५ सेकंद म्हणजे ताशी ८० किमी, ३६ म्हणजे १००.

जुन्या, सांध्यांच्या रुळांवर काळोखातही वेग कळतो. रुळाचा तुकडा १३ मीटरचा असेल तर ४७ सेकंदांत जितके ठोके ऐकू येतील तितका ताशी वेग. २५ मीटरचा असेल तर ९० सेकंदांत. एका सांध्यावर चार चाकं जातात म्हणून ठोके जोड्यांनी येतात. पूर्ण संच म्हणजे एक सांधा धरा. जोडून अखंड केलेल्या रुळांवर हे चालत नाही, तिथे आवाज फक्त काट्यांवर आणि पुलांवर.

---

लोअरबर्थ

सामानाबद्दल. दोन भाग करा. मोठी बॅग, जी रात्रभर उघडायची नाही, आणि एक छोटी पिशवी, जी उशाशी राहील. मोठी बॅग मऊ कापडाची आणि २५-३० सेंटीमीटरपेक्षा जाड नको. कडक सुटकेस खालच्या बर्थखाली बऱ्याचदा जातच नाही आणि मग पायात येते. छोट्या पिशवीत पाण्याची एक लिटरची बाटली (लांब रात्रीला दीड), चप्पल, ब्रश-पेस्ट, कागदी साबण, टिश्यू, कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी, लहान टॉर्च, चार्जर, पॉवर बँक, रोजची औषधं, ओळखपत्र, तिकीट. सगळं रिकाम्या बर्थवर एकदा मांडा, झोपताना लागणाऱ्या क्रमाने पुन्हा भरा. रात्री दोन वाजता पिशवीत प्लास्टिक खडखडवलं की सगळा कप्पा जागा होतो, म्हणून प्लास्टिकऐवजी कापडी थैल्या.

कानातले फोमचे बोळे नीट घालणारे कमीच. बोटांत वळून अगदी बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सारा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. तसं केलं नाही तर अर्ध्या तासात तो उशीवर सापडतो. बोळे घालणार असाल तर गजर मनगटी घड्याळाच्या थरथरीचा लावा.

---

मीटरगेज

संडास-बेसिनचं पाणी बऱ्याच गाड्यांत पहाटे संपतं. गर्दी साधारण पोचण्याआधीच्या दीड तासात होते. त्याआधी पाऊण तास उठलात तर पाणी, स्वच्छता आणि खिडकी तिन्ही मिळतात. निर्वात (हवेने खेचून घेणाऱ्या) संडासात टिश्यू किंवा काहीही जास्तीचं टाकलं की तो तुंबतो आणि मग अख्ख्या डब्याला एकच उरतो. सनराइजमध्ये शॉवरसाठी गाडीतल्याच यंत्रातून कार्ड घ्यावं लागतं. त्यावर सहा मिनिटं पाणी मिळतं आणि कार्डं गाडी सुटल्यावर लगेच संपतात. चढल्याचढल्या सामान टाकून तिकडे जा. सहा मिनिटांचं घड्याळ पाणी बंद केलं की थांबतं, त्यामुळे साबण लावताना पाणी बंद ठेवा, भरपूर पुरतं.

सरहद्द ओलांडणाऱ्या गाड्यांत वेगळी तयारी. सोफिया–इस्तंबूल गाडीत तुर्कस्तानच्या कापिकुले स्थानकावर मध्यरात्रीनंतर सगळ्यांना सामानासकट उतरावं लागतं, पासपोर्ट आणि सामान तपासायला. बूट, स्वेटर, पासपोर्ट हाताशी ठेवूनच झोपा. जिथे रुळांची रुंदी बदलते, उदा. चीन–मंगोलिया सरहद्दीवर १४३५ मिमीवरून १५२० मिमी, तिथे डबे जॅकने उचलून खालचे चाकांचे गाडे बदलतात. काही तास जातात आणि त्या वेळात संडास कुलूपबंद. आधीच आटपून घ्या. बघण्यासारखं काम असतं, झोपून घालवू नका. इटलीत सिसिलीला जाणाऱ्या रात्रगाडीचे डबे व्हिला सान जोव्हानीला चक्क जहाजात ढकलतात आणि मेसिनाला बाहेर काढतात. तेव्हाही जागं राहावं.

---

नकाशेवाली

दोन-तीन रात्रींच्या प्रवासाबद्दल थोडं. शिकागोहून एमरीव्हिलला जाणारी कॅलिफोर्निया झेफर दोन रात्रींची, सुमारे ३९०० किमी. वेळेवर असेल तर रॉकीज आणि सिएरा नेवाडा दोन्ही दिवसाउजेडी येतात आणि रात्री सपाट मैदानात व वाळवंटात जातात. आखणी कशी असावी याचा नमुनाच. कॅनडाची टोरोंटो–व्हँकुव्हर गाडी चार रात्रींची, ४४६६ किमी.

इतक्या लांबच्या गाडीत थांब्यांवर उतरून चालणं आवश्यक, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय सुजतात. पण वेळापत्रकातला थांबा प्रत्यक्षात मिळेलच असं नाही. उशिरा धावणारी गाडी लांबचे थांबे कापून वेळ भरून काढते. डब्यातल्या कर्मचाऱ्याला नेमकं विचारा, "किती मिनिटं आहे आणि सुटताना सांगणार का?" उतरताना बूट, फोन, तिकीट, ओळखपत्र अंगावर हवं, आणि आपल्या डब्याच्या दारापासून लांब जायचं नाही. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी येऊन उभी राहिली तर वाट बंद होते, त्यामुळे रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाऊ नका.

---

आरक्षणखिडकी

उशिराचं गणितही मांडून ठेवा. ज्या गाड्या मालगाड्यांच्या कंपनीच्या रुळांवर धावतात, तिथे मालगाडीला वाट देत प्रवासी गाडी बाजूच्या रुळावर उभी राहते. कॅनडाची वर सांगितलेली गाडी आणि अमेरिकेतल्या बऱ्याच लांबच्या गाड्या अशाच. अशा गाडीनंतर त्याच दिवशीचं विमान किंवा जहाज ठरवू नका, एक मुक्काम मध्ये टाका. एकरात्रीच्या गाडीला सहा तासांची फट धरा.

उशीर झाला की सकाळचा पट्टाही सरकतो. पाहायचा टप्पा उजाडल्यावर लगेच येत असेल तर उशीर पथ्यावर पडतो, कारण तो अंधारात निघून जाण्याचा धोका टळतो. संध्याकाळी अंधार पडण्याआधी येत असेल तर हातचा जातो. म्हणून दोन्हींत निवड असेल तर सकाळचा घ्या.

घड्याळाचंही बघा. मार्गात वेळेचे पट्टे बदलत असतील तर वेळापत्रकातल्या वेळा त्या-त्या स्थानकाच्या स्थानिक असतात. सरहद्दीजवळ फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ तासाने बदलतो, गजर तेवढाच आधी किंवा उशिरा. फोनमधली आपोआप वेळ बदलणारी सोय त्या रात्रीपुरती बंद ठेवा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं बदलतात. ऑक्टोबरच्या त्या रात्री गाडी वाटेत तासभर उभी राहू शकते आणि मार्चमध्ये तासभर उशिराने पोचते.

---

खिडकीपाशी

वयस्कर मंडळींसोबत असाल तर खालचा बर्थ आरक्षणातच पक्का करा, गाडीत अदलाबदल होईल या भरवशावर राहू नका. रात्री उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग एक हात दांडीला धरूनच उभं राहायचं. पडण्याचे प्रसंग चालत्या गाडीपेक्षा ती अचानक थांबते किंवा काट्यावरून जाते तेव्हा येतात. गरम पाणी घेऊन बोळातून जायचं तर झाकणाचा मग, दोनतृतीयांशच भरलेला.

गाडी लागण्याची सवय असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास, डॉक्टरांना विचारून; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. वाचन टाळा, क्षितिजाकडे बघा, आणि आडवं होता येत असेल तर डोळे मिटून पाठीवर झोपा. उतरल्यानंतर काही तास जमीन डोलल्यासारखी वाटते, ते आपोआप जातं.

---

लोअरबर्थ

उतरण्याआधीचं राहिलं. सामान पोचण्याच्या अर्धा तास आधी बांधून मोकळे व्हा, म्हणजे शेवटची वीस मिनिटं दारापाशी रांगेत न घालवता खिडकीत घालवता येतात. शेवटचं स्थानक असेल तर घाईचं कारणच नाही, गाडी पुढे जाणार नसते. मधलं स्थानक असेल तर फलाट कुठल्या बाजूला येणार ते कर्मचाऱ्याला आधीच विचारून ठेवा. बर्थ सोडताना तीन जागा हाताने चाचपा: भिंतीवरची जाळी (चष्मा), उशीखाली (फोन, घड्याळ) आणि चादर व भिंतीमधली फट (कानातले बोळे, चार्जरची वायर). नुसत्या नजरेने त्या फटीतलं काही दिसत नाही.